पांढरी दोनमधलं गाणं

दादरच्या स्टुडिओचं दार मी ढकलणार, तेवढ्यात आतून माझ्या गाण्याची सुरुवात ऐकू आली आणि माझा हात दारावरच राहिला. चार सॅक्सोफोन एकत्र, मागे ड्रमवर फिरणारा ब्रश, सगळं अगदी ओळखीचं. फक्त पट्टी माझी नव्हती. गाणं सरळ वर चढवून ठेवलं होतं.

"जावा की आत बाई, लाल दिवा लागला तर मग सोडायचा न्हाई मी," दरवान म्हणाला.

"हे कधीपासून चाललंय?"

"सकाळधरनं हेच चाललंय. माझंबी पाठ झालं."

मला आमच्या बँडच्या लुझारनं दुपारची वेळ दिली होती.

आता कोणी म्हणेल, पट्टी वर काय आणि खाली काय, एवढं दारात खिळून राहण्यासारखं काय आहे त्यात? पेटीवाल्याला खरंच काही नसतं. त्यानं बोटं सरकवली की झालं. पण आमचा चौदा जणांचा बँड होता. प्रत्येकाच्या समोर त्याचा त्याचा कागद, आणि कागदावर जे लिहिलंय तेच वाजवायचं. पट्टी बदलायची म्हणजे सगळ्यांचे कागद पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. ते काम लुझार एकटा करायचा आणि त्याला आठवडा लागायचा. म्हणजे हे आज सकाळी ठरलेलं नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी त्यानं माझ्याकडे बसून दोन कप चहा प्यायला होता आणि "कॅथी, सोमवारी घसा सांभाळून ये" असं सांगून गेला होता. तेव्हा ते कागद लिहून तयार असणार.

माझं नाव कॅथी नव्हे. मी कुमुद धैर्यवान, ठाकुरद्वारची, पाठारे प्रभूंच्या घरातली. कॅथी डीन हे हॉटेलवाल्यांनी ठेवलेलं नाव. लहानपणापासून माझा आवाज खालचा, भरड. आमचे पेटीमास्तर म्हणायचे, "बायकांनी काळी चारमध्ये गावं, ही पोरगी पांढरी दोनमध्ये घुमते." वडील तर पाहुण्यांसमोर मला गायलाच बसवत नसत, म्हणत, लोकांना वाटेल पडद्यामागे कोणी पुरुष बसवलाय. मी वीस वर्षांची होईपर्यंत माझा आवाज ही आमच्या घरातली झाकून ठेवायची गोष्ट होती.

मग मायक्रोफोन आला. माझ्या आयुष्यात देव काही आला नाही, मायक्रोफोन आला. एका प्रभू लग्नाच्या स्वागत-समारंभात लुझार कुतिन्होचा बँड होता, आणि चुलतभावाच्या पैजेखातर मी त्यांच्या मायक्रोफोनपाशी जाऊन एक ओळ म्हटली. ओरडून नाही, कानात सांगावी तशी. लुझारनं ट्रंपेट खाली घेतला आणि म्हणाला, "गो बाय, तू कुठे होतीस?" त्यानंतर चार वर्षं मी फोर्टातल्या एका बड्या हॉटेलात त्याच्या बँडची गायिका होते. हॉटेलचं नाव सांगत नाही, तिथे आता बँकेची कचेरी आहे. वडिलांनी बोलणं टाकलं. मी त्याचंही फार वाटून घेतलं नाही, कारण रोज संध्याकाळी चौदा माणसं माझ्यासाठी पांढरी दोनमध्ये वाजवत होती.

बँडच्या गायिकेचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. संध्याकाळभर बँडच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसायचं, पाठ ताठ, चेहरा हसरा. आधी बँड सगळी चाल वाजवणार, मग मधे तुम्ही उठून एक फेरी गायची, परत बसायचं. बाकी वेळ तुम्ही शोभेच्या. पण ती एक फेरी माझी असायची. माझ्या एका गाण्यात मधे सगळा बँड थांबायचा, दोन मात्रा नुसता ड्रम, आणि पुन्हा सगळ्यांनी एकदम उचलायचं. तिथे लुझार हात दाखवत नसे, कारण त्याच्याच तोंडाला ट्रंपेट असायचा. सगळे माझ्या डाव्या खांद्याकडे बघायचे. मी श्वास घेताना खांदा उचलला की सगळे आत. चार वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

हे तेच गाणं. चाल माझी, गुणगुणता गुणगुणता झालेली, बँडसाठी लिहिली लुझारनं. हॉटेलात मी ते इंग्रजी शब्दांवर गायचे. मग दारूबंदी आली, नाचायला येणारी माणसं घरी बसली आणि हॉटेलवाल्यांनी बँडला नारळ दिला. तेव्हा सिनेमाचे संगीत दिग्दर्शक भाऊसाहेब कर्पे यांनी ती चाल मागून घेतली, तिला हिंदी शब्द लावले आणि लुझार मला म्हणाला, "गाणार तूच. रेकॉर्ड निघेल, कॅथी!" रेकॉर्ड. हॉटेलातलं गाणं टाळ्या संपल्या की संपतं. माझा आवाज कशावर तरी उमटून राहावा, एवढंच मला हवं होतं. मी त्या सोमवारसाठी तीन आठवडे थंड पाणी प्याले नव्हते.

मी दार ढकललं.

मायक्रोफोनसमोर एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी उभी होती. सुती पातळ, तेलानं चपचपीत वेणी, पायांत काही नाही. आवाज नको म्हणून पंखे बंद, त्यामुळे सगळे घामानं निथळत होते. माझी चौदा माणसं आपापल्या जागी. मला पाहिल्यावर एकानंही मान वर केली नाही. ट्रंपेटवाला सेबी, ज्याच्या मुलाच्या बारशाला मी चांदीचा चमचा नेला होता, तो ट्रंपेटच्या कळा पुसत बसला. त्या कळा इतक्या मळल्या असतील असं मला वाटत नाही.

"या, या, मिस कॅथी!" भाऊसाहेब म्हणाले. "अगदी वेळेवर आलात. ही वत्सला इंगवले, सांगलीची. गळा सोन्याचा आहे, पण मायक्रोफोनची सवय नाही. श्वास फार मोठा घेते, तो रेकॉर्डवर ऐकू येतो. तुम्ही तो जो प्रकार करता ना, हळू, जवळून, तो जरा हिला शिकवा."

"शिकवू?"

"हो. लुझार बोलला नाही तुम्हाला?"

मी लुझारकडे पाहिलं. तो कागद लावत होता.

"नाही," मी म्हटलं. "लुझार काही बोलला नाही."

राग आला, फार आला. त्या क्षणी मी त्या कागदांचा ढीग उचलून फेकला असता तर बरं झालं असतं. पण चार वर्षं हसऱ्या चेहऱ्यानं खुर्चीवर बसायची सवय लागलेली. मी पर्स ठेवली आणि त्या मुलीच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले.

"तोंड एवढं उघडू नकोस," मी तिला म्हटलं. "आणि नाकानं श्वास घे. ओळ संपायच्या आधी."

"व्हय बाई," ती म्हणाली.

लाल दिवा लागला. छपरातल्या चिमण्या हाकलणारा माणूस काठी घेऊन बाहेर गेला. बँड सुरू झाला, त्या उपऱ्या वरच्या पट्टीत. मुलगी गात होती, सुरात गात होती, पण वरच्या जागांवर तिच्या मानेची शीर टरारून फुगत होती. मग ती जागा आली. बँड थांबला. दोन मात्रा ड्रम.

आणि माझा खांदा उचलला गेला. मी उचलला नाही, शपथेवर सांगते. चार वर्षांच्या सवयीनं तो उचलला.

सगळ्या बँडनं एकदम उचललं, आणि पांढरी दोनमध्ये उचललं. समोर नवे कागद होते, त्यांवर वेगळे स्वर होते, पण कागदाकडे बघत होतं कोण? सगळ्यांनी माझा खांदा पाहिला आणि बोटं जायची तिथे गेली. त्या बोटांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

त्याहून मोठं नवल पुढे झालं. ती मुलगी अडखळली नाही. तिनं कान टवकारले आणि बँडच्या मागोमाग खाली आली. ओळ खाली आली तसा तिचा आवाज सुटा झाला. मऊ, भरलेला, कुठेही ओढाताण नाही. मानेवरची शीर उतरली. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण ती गाता गाता हसली.

"कट! कट! कट!" भाऊसाहेब ओरडले. "काय चाललंय हे? लुझार, तुमची माणसं शुद्धीवर आहेत ना?"

"सॉरी सर. चूक झाली सर."

"चूक नाही झाली," मी म्हटलं. "भाऊसाहेब, तुम्हाला कान आहेत. ही मुलगी खालीच बरी गाते. तिची पट्टी तीच आहे. तुम्ही तिला कोणासाठी वर चढवताय?"

"बाई, हे नायिकेचं गाणं आहे," भाऊसाहेब लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले. "गच्चीवर, चांदण्यात, कोवळी पोर. तिच्या तोंडी हा असला आवाज घातला तर थिएटरातली माणसं म्हणतील, ही कुठे राहून आली? खालचा आवाज वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याची जागा वेगळी. तुमच्यासाठीही आहे ना गाणं याच सिनेमात. गुंडांच्या अड्ड्यावरचं. हातात ग्लास-बिलास."

कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या वडिलांना जे पाहुण्यांपासून झाकायचं होतं तेच हा माणूस आता उघड्यावर मांडत होता, फक्त जरा गोड बोलून. मी लुझारला म्हटलं, "बाहेर ये."

बाहेर व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. लुझारनं पाणी घेतलं आणि प्यायला नाही.

"कधी ठरलं हे?"

"आयक गो कॅथी, आधी शांत हो..."

"कधी?"

"गणपतीच्या सुमारास."

दिवाळी होऊन गेली होती. मधल्या दिवसांत तो माझ्याकडे किती वेळा आला होता, फराळ खाऊन गेला होता.

"हॉटेल गेलं," तो म्हणाला. "चौदा घरं, कॅथी. भाऊसाहेब बोलले, सगळा बँड घेतो, एकालाही सोडणार नाही, पुढच्या सगळ्या सिनेमांना. फक्त गायिका नको. नायिकेला तिचा आवाज चालणार नाही, ती असली की ती हेच गाणं मागणार. आणि ही चाल पाहिजे."

"म्हणजे मला देऊन नोकरी घेतलीत."

त्यानं प्याल्यातलं पाणी ओतून टाकलं.

"किती जणांना ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"सेबीला?"

"सगळ्यांना बोललो ना. सेबीच्या घरी बसून ठरलं."

"आणि एकजणही नाही म्हणाला नाही?"

"आग्नेल बोलला, तिला विचारूया. मग त्याची बायको बाळंत झाली आणि ते राहून गेलं."

मला हसू आलं. इतक्या रागात हसू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मला का नाही विचारलंस? तू तरी?"

त्यानं प्याला माठावर ठेवला. "तू हो बोलली असतीस," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. तू बोलली असतीस, जा, चौदा घरं आहेत. मग मी तुला तोंड कसं दाखवणार होतो?"

त्या वाक्याचा राग माझ्या अंगातून आजवर गेलेला नाही. माझी चाल घेतली, माझी रेकॉर्ड घेतली, ते एकवेळ पोटासाठी म्हणून सोडून देईन. पण मी आपल्या हातानं देऊ शकले असते ते यांनी चोरून घेतलं, आणि का, तर माझे उपकार नकोत! आभार मानायची वेळ येऊ नये म्हणून चोरी करणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

"चल आत," मी म्हटलं. "तुझी माणसं खोळंबलीत."

आत जाऊन मी पुन्हा मुलीच्या डाव्या हाताला उभी राहिले. फक्त या वेळी बँडकडे तोंड करून. खांदे घट्ट धरले. लाल दिवा लागला आणि मी एकेकाकडे बघायला लागले. आधी सेबी. मग आग्नेल. मग सॅक्सोफोनचे चौघे, ओळीनं. नुसतं बघत राहिले.

पहिल्या खेपेला आग्नेलचा ट्रॉम्बोन घसरला. दुसऱ्या खेपेला सेबीनं वरचा स्वर धरला आणि तो मधेच फाटला. ओठ थरथरत असले की ट्रंपेट वाजत नाही, कोणालाही विचारा. तिसऱ्यांदा ड्रमवाल्याच्या हातातून ब्रश पडला. भाऊसाहेबांचा सदरा घामानं चिंब झाला होता.

"मिस कॅथी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"तुम्हीच बोलावलंत मला शिकवायला. मी शिकवतेय."

"तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही आहात!"

"जे शिकायचे राहिलेत त्यांच्याकडे बघतेय."

पुन्हा टेक. पुन्हा फसला. पुन्हा. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? फार बरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, त्या सिनेमाचं दिवाळं निघेपर्यंत मी तशी उभी राहिले असते. त्या दिवशी माझ्या अंगात तेवढा जोर होता.

मग माझ्या बाजूला कोणीतरी खोकलं. वत्सला. तिनं पदरात तोंड लपवून खोकला दाबला, घसा खाकरला, परत सरळ उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं?"

"काय न्हाई बाई. वर लई दुखतंया. परत परत म्हटलं की आत सोलल्यावाणी व्हतंय." मग हळूच म्हणाली, "खाली बरं व्हतं ते. तुमच्यात."

"मग सांग त्यांना."

"न्हाई जमायचं बाई. मामा बाहेर बसल्यात. न्हाई जमलं तर गावाला परत न्हेतो म्हणाल्यात, लगीन ठरवलंय." तिनं बँडकडे पाहिलं. "ही माणसं अशी का चुकाय लागलीत? माझ्यामुळं का?"

चौदा जण माझ्यापुढे माना खाली घालून बसले होते, पण प्रत्येक खेपेला ते नासवलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून त्या पट्टीत चढून म्हणत होती ती ही पोर. माझा हिशेब चुकता करायला मी हिचा घसा वापरत होते. मग माझ्यात आणि लुझारमध्ये फरक काय राहिला? हा विचार आला आणि मला त्याचाही राग आला. धड सूडही घेऊ देत नव्हते हे लोक मला.

"तुझ्यामुळं नाही," मी म्हटलं. "आता नाही चुकणार. ऐक. वरच्या जागेआधी मोठा श्वास घ्यायचा नाही. निम्माच घ्यायचा. आणि जोरानं चढू नकोस, मायक्रोफोनच्या जवळ जा आणि त्याला सांगितल्यासारखं म्हण. घसा वाचेल."

"व्हय बाई."

"आणि त्यांनी किती वेळा म्हणायला लावलं तरी दुखलं की थांबायचं. घसा त्यांच्या बापाचा नाही."

मी पर्स उचलली. लुझार म्हणाला, "कुमुद." चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली. मी थांबले नाही. आजही थांबले नसते.

बाहेर ऊन होतं. मी फाटकापर्यंत गेले आणि तिथून पुढे पाय उचलेना. आत गाणं सुरू झालं. दरवानानं बोट ओठांवर ठेवलं, मी कुठे बोलत होते? चार सॅक्सोफोन. मग मुलगी. तिनं मी सांगितल्याप्रमाणे निम्मा श्वास घेतला होता, वरची जागा नीट घेतली. गुणी होती.

मी वाट बघत होते ती पुढच्या जागेची. बँड थांबला. दोन मात्रा ड्रम. मनात म्हटलं, चुका. एकदा चुका रे. मी तिथे नाही, बघायला कोणी नाही, तरी बोटं घसरू देत तुमची. एकाची तरी. चार वर्षांतलं काहीतरी तुमच्या बोटांत राहिलं असेल ना.

सगळ्यांनी एकदम उचललं. वरच्या पट्टीत, कागदावर लिहिल्याप्रमाणे, शेवटपर्यंत. लाल दिवा विझला, आत टाळ्या पडल्या, भाऊसाहेबांचं "वा, वा!" फाटकापर्यंत ऐकू आलं.

"झ्याक झालं की गाणं," दरवान म्हणाला. "न्हाई का बाई?"

"हो," मी म्हटलं. आमच्या घरात बायका शिवी देत नाहीत. तोवर मीही कधी दिली नव्हती. "चोख वाजवलं हरामखोरांनी."